मदत हवी आहे : नंबर न दिसता बायकांचा ग्रुप कसा चालवायचा?

नमस्कार मंडळी. पर्वती पायथ्याला आम्ही घरकामाला जाणाऱ्या २२ जणींचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवतो. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, फोटो मागणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, असं बोलणं चालतं. मागच्या महिन्यात एकीच्या दिराने तिच्या फोनवरून सगळ्यांचे नंबर उतरवून घेतले. मग रात्री-अपरात्री मिस्ड कॉल! दोघी लगेच ग्रुप सोडून गेल्या. त्यांचं तरी काय चुकलं?

सिग्नल या मेसेजच्या ॲपवर २०२४ पासून युजरनेम घेता येतं, नंबर झाकलेला राहतो (खातं उघडायला लागतोच), म्हणून तिकडे जावं म्हणतेय. पण निम्म्या जणींचा फोन घरात सामायिक. रिचार्ज नवरा मारतो, पॅटर्न पोराला पाठ. तिथे ‘ॲपला लॉक लाव’ म्हणणं म्हणजे घरात भांडण लावून देणं. मेसेज आपोआप पुसले जातील असं ठेवलं, तर धमकीचा पुरावाही जातो.

सामायिक फोनवर असा ग्रुप कुणी चालवलाय का? आणि रविवारी चारनंतर येऊन मराठीत शिकवणारी कुणी ताई आहे का? स्लाइड नकोत, फोन हातात घेऊन दाखवणारी हवी. चहा आमच्याकडे.