तळघरातल्या ओल्या काँक्रीटवर प्लायचा तळ: सुतार म्हणतात तसं करू का?

नमस्कार मंडळी,

तळघरातली खोली आईसाठी तयार करतो आहे. खाली उघडं काँक्रीट आहे आणि तो गारठा तिच्या गुडघ्यांना सोसत नाही. म्हणून प्लायचा तळ करून वर लाकडी फ्लोअरिंग घालायचं ठरवलं.

अडचण ओलीची. पाणी साचलेलं कधी दिसलं नाही, पण एका भिंतीलगत मिठासारखी पांढरी पूड फुटते. झाडली तरी परत येते. दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून दोन दिवस ठेवला. काढला तेव्हा खालच्या बाजूला थेंब होते, काँक्रीट काळपट पडलं होतं, वरची बाजू मात्र कोरडी. म्हणजे हा हवेतला दमटपणा नाही, ओल जमिनीतूनच येते आहे.

सुतार म्हणतात, जाड प्लास्टिक अंथरू, त्यावरून रीपा काँक्रीटला ठोकू आणि वर १८ मिमीचं प्लाय मारू. माणूस अनुभवी आहे, पण प्रत्येक खिळा प्लास्टिकला भोक पाडणारच ना? मागे याच खोलीत प्लायचं कपाट थेट जमिनीवर ठेवलं होतं. काही महिन्यांत तळाचे थर सुटले, मागे काळी बुरशी धरली. तो कुबट वास आईच्या खोलीत नको आहे.

उंचवटे असलेल्या प्लास्टिकबद्दल, म्हणजे डिंपल शीटबद्दल वाचलं. दाराखाली ५० मिमी जागा आहे. शीट ८, प्लाय १८, फ्लोअरिंग १२, म्हणजे बसतं. पण ते प्लाय काँक्रीटला स्क्रूने धरायचं की नुसतं ठेवायचं? कोणी केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
खिळ्यांची शंका रास्त आहे. शीट उंचवटे खाली करून अंथरा, सांधे टेपने बंद करा. एका जाड प्लायऐवजी १२ मिमीचे दोन थर घ्या, वरचा खालच्याला आडवा, सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. थर एकमेकांनाच स्क्रूने जोडा. स्क्रू २० मिमीचे घेतले तर शीटपर्यंत पोचत नाहीत. भिंतीपासून १० मिमी जागा सोडा, लाकूड फुगतं. काँक्रीट वरखाली असेल तर आधी सपाट करून घ्या, नाहीतर चालताना तळ दबेल.

पण त्याआधी बाहेर जाऊन बघा. छताचं पाणी कुठे पडतं? जमिनीचा उतार घराकडे आहे का? शीट ओल अडवते, आत शिरणारं पाणी नाही.

धागाकर्ता:
मनापासून आभार. बाहेर बघून आलो. पन्हळीचा पाइप नेमका त्याच भिंतीच्या पायाशी सुटतो आहे. सुतारांना थांबायला सांगितलंय. आधी पाइप लांब नेतो, मग प्लास्टिक पुन्हा चिकटवून बघतो आणि इथे कळवतो.