बंद हार्ड डिस्कवरची फाईल शोधून देणारं सॉफ्टवेअर सुचवा

टाचणी:
चार एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि मूठभर पेन ड्राइव्ह, त्यांत पंधरा वर्षांचं लिखाण विखुरलेलं. सध्या एक जुना अनुवाद शोधतेय. फाईलचं नाव आठवत नाही, आतली एक ओळ आठवते. एकेक डिस्क लावायची, विंडोजच्या सर्चमध्ये शब्द टाकायचा आणि ती हिरवी पट्टी सरकताना बघत बसायचं, असं दोन संध्याकाळी केलं. एक डिस्क विंडोजच्या इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये (शोधासाठी आधीच सूची, म्हणजे इंडेक्स, बनवून ठेवायची सोय) घालूनही बघितली. लावलेली असेपर्यंत झकास, काढली की निकाल गायब. डिस्क न लावता 'फाईल अमुक डिस्कवर आहे' एवढं सांगणारं काही आहे का? फुकट असेल तर उत्तमच.

कोळी:
नावावरून शोधायचंय की मजकुरावरून? नावापुरतं हवं असेल तर 'एव्हरीथिंग' घ्या, दुसरीकडे बघूच नका. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची डिस्क-मांडणी) डिस्कवरचं फाईल टेबल, म्हणजे फायलींची नोंदवही, ते थेट वाचतं, त्यामुळे लाखो फायलींची यादी बघता बघता होते. ऑप्शन्समध्ये एनटीएफएसच्या पानावर नवीन रिमूव्हेबल व्हॉल्यूम (म्हणजे काढघाल करायच्या डिस्क) आपोआप घेण्याची खूण करा, आणि ऑफलाइन व्हॉल्यूम काढून टाकण्याची खूण असेल तर ती घालवा. मग डिस्क कपाटात असली तरी नावं दिसत राहतात. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ नाहीतर एक्सफॅट अशा दुसऱ्या मांडणीचे असतात, ते त्या पानावर येत नाहीत. ते फोल्डर म्हणून घाला किंवा त्यांची फाईल लिस्ट बनवून ठेवा.

पण त्याआधी एक काम. तुमची कुठलीही डिस्क लावली की तिला 'ई' अक्षर मिळत असणार. निकालात 'ई:\जुने' आलं तर कुठली ई? डिस्क मॅनेजमेंटमध्ये प्रत्येकीला शेवटाकडचं अक्षर नेमून द्या: पी, क्यू, आर, एस. आणि तेच अक्षर कागदी पट्टीवर लिहून डिस्कच्या पाठीला चिकटवा. हसू नका, माझा सगळ्यात जास्त वेळ या पट्टीनेच वाचवलाय. (हे अक्षर त्या एका संगणकापुरतंच लक्षात राहतं.)

नुसतीच वाचक:
कागदी पट्टीला +१

उंबराचं फूल:
टाचणीताई, तुम्हाला ओळ आठवतेय म्हणजे मजकुराचाच इंडेक्स लागणार. मी डॉकफेचर वापरतो. वर्ड, पीडीएफ, साध्या टेक्स्ट फायली सगळं वाचतं. याची पोर्टेबल आवृत्ती डिस्कवरच ठेवून सापेक्ष पाथ (डिस्कच्या अक्षरावर न अवलंबणारा पत्ता) निवडला तर इंडेक्स डिस्कबरोबर फिरतो, कुठल्याही संगणकावर चालतो. मात्र तुमची गरज उलटी आहे. तुम्ही तो संगणकावर ठेवा, म्हणजे डिस्क नसतानाही निकाल येतील. फाईल उघडायला तेवढी डिस्क लावायची. फोल्डरवर नजर ठेवण्याचा पर्याय बंद करा आणि डिस्क लावलेली नसताना इंडेक्स अपडेट करायला जाऊ नका.

स्कॅन केलेल्या पीडीएफ यात सापडणार नाहीत. ती नुसती चित्रं, त्यांना आधी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) हवं. जुन्या नॉन-युनिकोड फाँटात (त्यांत अक्षरांचे संगणकी क्रमांक वेगळे असतात) टंकलेलं असेल तरीही युनिकोडात शोधून हाती काही लागणार नाही.

गाळलेली जागा:
लिनक्सवाल्यांसाठी: रिकॉल, हेही मजकुरावरून शोधणारं सॉफ्टवेअर. आवृत्ती १.२४पासून इंडेक्स डिस्कवरच ठेवता येतो, आणि १.२५.२पासून मुख्य इंडेक्समध्ये घातलेली डिस्क जोडलेली नसली तरी तिच्या नोंदी पुसल्या जात नाहीत. त्यासाठी तिचा माउंट पॉइंट (डिस्क जिथे जोडली जाते तो फोल्डर) टॉपडर्समध्ये, म्हणजे इंडेक्स करायच्या फोल्डरांच्या यादीत, वेगळा लिहावा लागतो. मॅकवर स्पॉटलाइट (मॅकचा स्वतःचा सर्च) आपला इंडेक्स त्या डिस्कवरच लपलेल्या फोल्डरात ठेवतो. डिस्क गेली की इंडेक्सही गेला, म्हणजे टाचणी यांच्या कामाचा नाही.

आणि एक, कुणी बोललं नाही म्हणून. पेन ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला असेल तर त्याचा मजकूर-इंडेक्स लॅपटॉपवर उघडा ठेवू नका. कुलूप दाराला आणि आतल्या सामानाची यादी अंगणात, अशातली गत होते. बँकेचे, दवाखान्याचे कागद असलेला ड्राइव्ह मी इंडेक्सच करत नाही.

टाचणी:
सर्वांचे आभार! पट्ट्या चिकटवल्या. डॉकफेचरला चार डिस्क द्यायला दोन रात्री गेल्या. 'आर' इजेक्टच होईना, डिस्क वापरात आहे म्हणे. इंडेक्सिंग संपेपर्यंत थांबले तेव्हा सुटली. पण अनुवाद अजून सापडत नाहीये. युनिकोडातच आहे, खात्री आहे. ओळीत 'वाऱ्यावर' शब्द आहे, तोच टाकून शोधतेय.

कोळी:
तिथेच घोळ असेल. हा ऱ्या दोन प्रकारे टंकला जातो. काही कीबोर्ड नुक्ता असलेला ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला फरक जाणवत नाही, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. तेव्हाचा तुमचा कीबोर्ड दुसरा असणार. ऱ्य नसलेला शब्द टाकून बघा.

टाचणी:
'गलबत' टाकलं. क्यू डिस्क, 'इतर' नावाच्या फोल्डरात. ही डिस्क मी दोनदा लावून शोधली होती हो!