एसटीपीतली सुरक्षा कामं: देयक मंजूर करण्याआधी समितीने काय तपासावं?

धागाकर्ता: पालिका_सदस्य
आमच्या 12 एमएलडीच्या (दिवसाला 1.2 कोटी लिटर) मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात म्हणजे एसटीपीत (एसबीआर पद्धत, म्हणजे एकाच टाकीत टप्प्याटप्प्याने शुद्धीकरण; क्लोरिन 900 किलोच्या टनरमधून, म्हणजे मोठ्या आडव्या सिलिंडरमधून) सुरक्षा सुधारणांचं काम झालं. ठेकेदाराचं देयक आलंय: अर्थिंग, नवं रेलिंग, गॅस डिटेक्टर, क्लोरिन किट (गळती बंद करायचं साहित्य). सोबत फोटो आणि खरेदीच्या पावत्या. जलनिःसारण समितीत अभियंता कुणी नाही. पाहणीला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

अर्थ_पिट
अर्थिंग फोटोत दिसत नाही, मोजावं लागतं. 19 जुलै 2023 ला उत्तराखंडात चमोलीच्या एसटीपीत लोखंडी रेलिंगमध्ये वीज उतरली आणि 16 जण गेले. रात्री एक कर्मचारी दगावला होता, बाकीचे बहुतेक सकाळी चौकशी-पंचनाम्यासाठी जमलेले होते.

तेव्हा रेलिंगपासूनच सुरुवात करा. पॅनलच्या मुख्य अर्थबारपासून (सगळ्या अर्थिंगच्या तारा जिथे जोडतात ती पट्टी) रेलिंगच्या सर्वांत लांबच्या टोकापर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे जोडणी सलग आहे का, ते समोर मोजायला लावा. आकडा 1 ओहमच्या बराच आत हवा. रेलिंगचे तुकडे बोल्टने जोडलेले असतील तर रंगामुळे मधेच संपर्क तुटतो, म्हणून प्रत्येक सांध्यावर अर्थिंगची पट्टी हवी. वेट वेलजवळची (मैलापाणी जमा होऊन जिथून पंपाने उचललं जातं ती विहीर) तांब्याची पट्टी काळी पडलीय का बघा. मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तांबं खातो.

दिवे, सॉकेट आणि हातातली यंत्रं 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) हवीत. पावसाळ्यात ओल आली की तो सारखा ट्रिप होतो आणि कुणीतरी वायर टाकून त्याला बायपास करतं. टेस्टचं बटण दाबा आणि पुढचा दिवा खरंच विझतो का ते बघा.

वेट_वेल
गॅस डिटेक्टरबाबत पहिला प्रश्न: कॅलिब्रेशन गॅसची (डिटेक्टर तपासायच्या ठरावीक प्रमाणाच्या वायूची) बाटली कुठे आहे, तिची मुदत कधी संपते? बाटली नसेल तर डिटेक्टर चालतो की नाही हे कुणालाच माहीत नसतं, कारण सेन्सर मेला तरी पडद्यावर शून्यच दिसतं. बंप टेस्ट, म्हणजे हा गॅस डिटेक्टरवर सोडून बघणं, समोर करायला सांगा. बाटलीची नळी लावली की काही सेकंदांत अलार्म वाजला पाहिजे.

अलार्मच्या पातळ्या: हायड्रोजन सल्फाइड 10 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 10), ज्वलनशील वायू एलईएलच्या (ज्या किमान प्रमाणाला वायू पेट घेऊ शकतो त्याच्या) 10 टक्के, ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली. "वास आला तर कळेलच" असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. 100 पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो.

विहिरीत उतरण्याआधी वायूची मोजणी झाकणाजवळ, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी. त्यासाठी सॅम्पलिंग पंप आणि तळापर्यंत पोचणारी नळी लागते, खरेदीत नेमकी हीच राहते. ब्लोअरची नळीही तळापर्यंत हवी, कारण हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड. तिवई, विंच आणि पूर्ण शरीराचा हार्नेस हे तिन्ही एकत्र नसतील तर बेशुद्ध माणूस वर काढता येत नाही. मग दुसरा त्याला आणायला उतरतो आणि दोघेही जातात. सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात गटारसफाईतील मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये केलीय, हे सभेत जरूर सांगा.

टनर_शेड
क्लोरिनचं थोडक्यात. 100 किलोच्या सिलिंडरचं किट टनरला बसत नाही, तेव्हा किट रिकाम्या टनरवर चढवून दाखवायला सांगा. श्वसनयंत्र खोलीच्या दाराबाहेर हवं, आत ठेवलं तर गळतीच्या वेळी हाती लागत नाही. क्लोरिन हवेच्या अडीचपट जड, म्हणून एक्झॉस्टचं तोंड जमिनीलगत असावं. छताजवळचा पंखा यासाठी निरुपयोगी.

ऑपरेटरला विचारा, गळती झाली तर काय करशील? "पाणी मारेन" हे उत्तर आलं तर प्रशिक्षण झालेलं नाही. पाण्याने आम्ल तयार होतं आणि छिद्र मोठं होतं. टनर असा फिरवायचा की गळणारी जागा वर येईल, म्हणजे द्रवाऐवजी वायू बाहेर पडेल. द्रव गळला तर त्याचा सुमारे 460 पट वायू होतो.

पालिका_सदस्य
खूप आभार. पण करारात चाचणीची वेगळी अट नाही. आता देयक अडवलं तर?

मोजमाप_पुस्तक
वेगळी अट लागत नाही. अंदाजपत्रकातली बाब शब्दशः वाचा. बहुतेक ठिकाणी "पुरवठा, उभारणी, टेस्टिंग व कमिशनिंगसह" असंच लिहिलेलं असतं. तसं असेल तर चाचणी झाल्याशिवाय ती बाब पूर्ण होत नाही आणि मोजमाप पुस्तकात (देयकासाठी झालेल्या कामाची मोजमापं लिहायची अधिकृत वही) पूर्ण परिमाण नोंदवता येत नाही. नगर अभियंत्यांकडून लेखी घ्या: कोणती चाचणी, कोणत्या तारखेला, कुणासमोर, आकडा किती. नुसतं "समाधानकारक" चालवून घेऊ नका. पुरवठ्यापुरती अंशतः रक्कम देता येते का, हे लेखापालांना विचारा, म्हणजे ठेकेदाराचं काम अडणार नाही.

अर्थ_पिट
एक भर. जमिनीत पुरलेल्या अर्थिंगची मोजणी उन्हाळ्याच्या शेवटी, जमीन कोरडी असताना करा. पावसाळ्यात ओलीमुळे आकडा चांगलाच येतो. आणि केंद्रात कुणाला शॉक लागला तर आधी ट्रान्सफॉर्मरकडूनच पुरवठा तोडायचा, कुलूप लावायचं, मगच कुणालाही आत सोडायचं. ही सूचना फाटकावर मराठीत लावून घ्या, वीज कार्यालयाच्या फोन नंबरासह.