मदत हवी आहे: ओढ्यातलं तण तोडलं तरी दुप्पट येतंय

ओढेकाठ
मंडळी, लवकर उत्तर हवंय. आम्ही दहा-बारा जण चार रविवार ओढ्यातलं तण तोडतोय, हात सोलवटलेत. परवा जाऊन बघितलं तर आधीपेक्षा दाट. खालचा सगळा पाणीसाठा या ओढ्यावर आहे. येत्या रविवारी माणसं परत येतील, त्यांना काय सांगू? कुठलं औषध मारायचं तेवढं सांगा.

पाणकावळा
तण कुठलं? पाणी वाहतं की साचलेलं? फोटो टाका.

ओढेकाठ
फोटो नाहीये. जांभळ्या फुलांचं, सगळीकडे दिसतं तेच.

निळाई
म्हणजे जलपर्णी. औषधाच्या नादी लागू नका. फवारल्यावर सगळा थर एकदम मरतो, पाण्यात कुजतो, प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. फुलायच्या आत हातानं काढा, तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षंही तग धरतं. वरून सांडपाणी येत असेल तर आधी ते अडवा, त्याच्यावरच ती पोसते.

हिरवा कोपरा
आम्ही जलपर्णीचं कंपोस्ट केलं, फार छान झालं. आधी चांगली सुकवायची, मग शेणकाला आणि माती यांचे थर द्यायचे. सविस्तर हवं असेल तर लिहीन.

बांधावरचा
हातानं काढत आयुष्य जाईल. ग्लायफोसेट मारा, मोकळे व्हा. मी बांधावर कितीतरी वर्षं मारतोय.

निळाई
बांध वेगळा, ओढा वेगळा. खालच्या साठ्याबद्दल त्यांनी पहिल्याच पोस्टीत लिहिलंय, ते वाचलंत का?

बांधावरचा
वाचलं. औषधच विचारलंय त्यांनी, मी तेच सांगितलं.

रानवाटा
घाणेरीवर खात्रीचा उपाय: झुडपाचं मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंमीवर तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. वरून नुसतं छाटलं तर जोमानं फुटते.

पाणकावळा
इथं घाणेरीचा विषयच नाहीये. ओढेकाठ, एकच सांगा. रोप पाण्यावर तरंगतं की चिखलात उभं असतं?

ओढेकाठ
तरंगेल कशाला? माझ्या खांद्याएवढं आहे. कर्ण्यासारखं फिकट जांभळं फूल. तोडलं की पांढरा चीक गळतो.

पाणकावळा
मग ही जलपर्णी नव्हेच, बेशरम नावाचं झुडूप आहे. तोडलेल्या फांद्या कुठे टाकल्यात?

ओढेकाठ
तिथंच काठाला ढीग घातले. एवढं ओझं कोण वाहणार?

पाणकावळा
घोटाळा तिथंच झाला. ढिगाच्या तळची एक फांदी उचलून बघा. चिखलाला टेकलेल्या पेरापेरावर पांढरी मुळं फुटलेली असतील. पाऊस आला की असे तुकडे वाहून जातात आणि जिथं अडकतात तिथं रुजतात. तुम्ही तण तोडलं नाहीत, त्याची कलमं लावलीत. रागावू नका, मीही एक पावसाळा हेच केलंय.
आता बुंधा मुळासकट खणा. सगळा माल पाण्यापासून लांब, खडकावर पसरा आणि काडकन मोडेपर्यंत वाळवा. काम वरून खाली करत या. काठ उभा असेल तर एका दमात उघडा पाडू नका, माती ढासळून साठ्यात जाईल. थोडा पट्टा काढला की लगेच तिथं वाळा नाहीतर करंज लावा.

माळकरी
शेळ्यांना घाला, फुकट चारा.

निळाई
अजिबात नको! बेशरम विषारी आहे. शेळ्यांना तिची चटक लागते, मग खंगतात, लटपटतात, मरतातसुद्धा.

बांधावरचा
बेशरम असेल तर पाणकावळा म्हणतात ते बरोबर. पण मोठा बुंधा ओल असतानाच खणा, सुकल्या मातीत मूळ तुटून आत राहतं.

ओढेकाठ
आज जाऊन बघितलं. फांदी उचलली तर खाली बोटभर मुळं आणि वर चार पानं. चार रविवारांची मेहनत! ढीग आजच हलवायला घेतले. मग ओढ्यानं वर चालत गेलो, तर एका शेताला आख्खं कुंपणच बेशरमीचं. तुकडे तिथूनही येत असणार. मालकांना काढा म्हणायचं कसं? जनावरं आत शिरतील म्हणतील.

पाणकावळा
नुसतं काढा म्हणू नका. निर्गुडीची कलमं घेऊन जा. तिला जनावरं तोंड लावत नाहीत, ती फांदीपासून सहज लागते आणि काठही धरून ठेवते. आधी ती कुंपणाच्या आतून लावून द्या. ती वाढली की मगच बेशरमीला हात घाला.

ओढेकाठ
निर्गुडी मिळेल. उद्या सकाळी त्यांच्याकडे जातो.