मदत हवी आहे: कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये 'खाजगी मिळकत' असा फलक लागलाय (सांगली)

मंडळी, कायद्यातलं मला फारसं कळत नाही आणि हाताशी वेळ कमी आहे, म्हणून इथे विचारते. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

विश्रामबागेच्या बाजूला आमची कॉलनी आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. ऐंशीच्या दशकातला ले-आउट, साधारण साडेचार एकरांचा. त्यात मधोमध १८ गुंठे ओपन स्पेस सोडलेली. तेव्हा इथे नगरपरिषद होती. सांगली, मिरज, कुपवाड मिळून महापालिका झाली ती १९९८ साली. मागच्या महिन्यात एका सकाळी जेसीबी आला, कडेची घाणेरी आणि वेड्या बाभळी उपटल्या आणि कोपऱ्यात लोखंडी अँगल रोवून फलक ठोकला. त्यावर सर्व्हे नंबर आहे, आत आल्यास फौजदारी करू अशी धमकी आहे, मालकाचं नाव मात्र नाही. चौकशी केल्यावर कळलं, की मूळ जमीनमालकाच्या वारसांनी एका बिल्डरशी विकसन करार केलाय. त्यांचं म्हणणं सरळ आहे: सातबारा आमच्या नावावर, इतक्या वर्षांत कोणी बाग केली नाही की कुंपण घातलं नाही, मग जागा आमचीच.

बाग नव्हती हे खरंच आहे. एक जुना लिंब, दोन गुलमोहर आणि पोरांनी खेळून खेळून घट्ट केलेलं पिच, एवढाच काय तो ऐवज. गणपतीत मांडव पडतो, संध्याकाळी म्हातारी माणसं कडेकडेने फेऱ्या मारतात. पण या जागेचं खरं काम पावसाळ्यात दिसतं. आमच्याकडे सगळी काळी माती. चार गल्ल्यांचं पाणी उताराने तिथेच येतं, दोन-तीन दिवस साचतं, मग हळूहळू जिरतं. तिथे भराव टाकून जोतं तीन फूट वर उचललं, की ते पाणी खालच्या ओळीतल्या घरांत शिरणार, यात शंकाच नको. भराव आणि तुंबलेलं पाणी म्हणजे काय, हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको, शामरावनगरकडे एक पावसाळी चक्कर मारली तरी पुरे. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५), तेव्हा गावभागातल्या आमच्या नातेवाइकांच्या गाड्या, दोन टेम्पो भरून सामान आणि एका घरच्या म्हशी सुद्धा याच मैदानात होत्या. तेव्हा ही जागा कोणाची, असं विचारायला कोणी आलं नव्हतं.

कागद काय आहेत ते सांगते. शेजारच्या काकांकडे ले-आउटची जुनी निळी प्रत आहे. शिक्का दिसतो, सही दिसते, पण नेमकी घडी ओपन स्पेसवरून गेल्यामुळे क्षेत्राचा आकडा पार विरलाय. दुसरं म्हणजे आमच्या समोरच्या वहिनींच्या सासऱ्यांचं १९८७ चं खरेदीखत. त्यात चतुःसीमेत स्पष्ट लिहिलंय, 'पश्चिमेस ले-आउटमधील ओपन स्पेस'. खाली सही कोणाची, तर ज्यांचे वारस आज जागा विकायला निघालेत त्यांचीच. हा कागद निघाल्यापासून सगळ्यांना जरा धीर आलाय.

पहिल्या बैठकीला गच्चीवर पन्नासेक माणसं जमली. एरवी पाण्याच्या टाकीच्या मीटिंगला कोरम होत नाही. पण दुसऱ्याच बैठकीत फाटा फुटला. तरुण मंडळींतला एक गट म्हणतोय, की कागद-बिगद करत बसू नका, रातोरात देवळाचा चौथरा बांधू. "एकदा मूर्ती बसली की कोणाच्या बापाची टाप हाय हात लावायची?" असा त्यांचा हिशोब. पाच-सात घरांनी लगेच वर्गणीही कबूल केली. मला हे मनापासून पटत नाही. माझा देवावर राग नाही, पण मैदान मोकळं राहावं म्हणून भांडायचं आणि त्यावर आपणच बांधकाम करायचं, हे कसलं वाचवणं? मात्र बैठकीत असं बोललं की माणूस लगेच धर्मबुडवा ठरतो.

तर विचारायचं असं, की सातबारा त्यांच्या नावावर असताना आमची बाजू टिकते का? आधी कोणत्या दारात जायचं, कलेक्टर कचेरीत, महापालिकेत की थेट कोर्टात? आमची संस्था नोंदलेली नाही, त्याने अडेल का? आणि देऊळवाल्यांना न दुखावता कसं थांबवायचं, हेही कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

निवृत्त मोजणीदार

ताई, सातबारा पाहून घाबरू नका. जुन्या ले-आउटमध्ये सगळीकडे हेच चित्र आहे. प्लॉट विकले जातात तसतशा फेरफाराने नोंदी खरेदीदारांकडे जातात. रस्ते आणि ओपन स्पेस कोणी विकत घेत नाही, म्हणून तेवढं क्षेत्र मूळ नावावर पडून राहतं. पुढे वारसनोंद होते आणि नातवाला वाटतं, आजोबांनी आपल्यासाठी १८ गुंठे राखून ठेवले. सातबारा हा महसुली उतारा आहे, मालकीवर त्याने शेवटचा निकाल लागत नाही.

तुमचा खरा कागद म्हणजे बिनशेती आदेश. शेतजमिनीचे प्लॉट पाडायचे तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४४ खाली परवानगी घ्यावी लागे. त्या आदेशात अटी असतात आणि सोबत मंजूर रेखांकन (ले-आउटचा नकाशा) जोडलेलं असतं. 'खुली जागा खुलीच ठेवावी' ही अट तिथे सापडली, तर पुढचं निम्मं काम झालं म्हणा. कलेक्टर कचेरीच्या आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज टाका. झेरॉक्सवर भागवू नका, प्रमाणित नक्कलच घ्या. रेखांकनाची दुसरी प्रत महापालिकेच्या नगररचना विभागाकडे मागा. तिथे माहिती अधिकाराचा अर्ज करणार असाल तर एक अर्ज एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, हा आपल्या राज्याचा नियम आहे. पुष्कळ अर्ज त्यावरच परत येतात. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस.

तोवर दोन गोष्टींवर रोज नजर ठेवा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर तो सर्व्हे नंबर टाकून नवा दस्त झालाय का ते पाहा. आणि महसूल विभागाच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर फेरफाराची नोटीस लागते का ते बघा. नोटीस लागली तर १५ दिवसांच्या आत तलाठ्याकडे (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकत आली की ती नोंद तक्रारी होते, सुनावणीशिवाय मंजूर होत नाही. तुमचा भाग सिटी सर्व्हेत गेला असेल तर मिळकत पत्रिकाही काढा.

ते १९८७ चं खरेदीखत मात्र लॅमिनेट करू नका. लोक करतात म्हणून सांगतोय.

कोर्टकज्जा

वरचं सगळं बरोबर. थोडी भर घालतो.

बिल्डरचा वकील बहुधा एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याचं कलम १२७ पुढे करेल. दहा वर्षांत संपादन झालं नाही, नोटीस देऊन २४ महिने उलटले, म्हणजे आरक्षण संपलं, असं. ते कलम विकास आराखड्यातल्या आरक्षणासाठी, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागांसाठी आहे. ले-आउट मंजूर करून घेताना मालकाने स्वतः सोडलेली जागा वेगळी. ती सोडली म्हणून त्याला बाकीचे प्लॉट विकता आले, त्याचे पैसे त्याने कधीच घेतले. हा फरक पहिल्या अर्जापासून ठासून लिहा. मात्र तुमच्या जागेवर आराखड्यात वेगळं आरक्षणही आहे का, ते नगररचनाकडून आधी तपासून घ्या.

रहिवाशांना भांडायचा हक्क आहे का, ही शंका १९९१ मध्येच मिटली आहे. बंगलोर मेडिकल ट्रस्टच्या खटल्यात ले-आउटमधली बागेची जागा खाजगी नर्सिंग होमला दिली होती. रहिवासी कोर्टात गेले आणि सर्वोच्च न्यायालयात जिंकले. संस्था नोंदलेली नसली तरी अडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १ रूल ८ खाली काही रहिवासी सर्वांच्या वतीने दावा लावू शकतात, कोर्टाची परवानगी लागते. महापालिकेला प्रतिवादी करायचं असेल तर आधी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, ती वेळेत पाठवा.

आणि आजच्या आज करायचं काम म्हणजे कॅव्हेट. उद्या तेच कोर्टात जाऊन 'हे लोक आमच्या जागेत शिरतात' म्हणून तुमच्याविरुद्ध एकतर्फी मनाई हुकूम आणतील. कॅव्हेट असेल तर तुमचं ऐकल्याशिवाय हुकूम होत नाही. ९० दिवस चालतं, मग पुन्हा टाकायचं.

उगाच_एक_शंका

राग मानू नका, पण त्या १८ गुंठ्यांत रहिवाशांनीच किती खाल्लंय ते आधी मोजा. कॉलन्यांमध्ये कडेचे बंगलेवाले परसबाग म्हणून पाच फूट, पार्किंगचा पत्रा म्हणून दहा फूट असं सरकत जातात. बिल्डर सगळ्यात आधी त्याचेच फोटो कोर्टात लावेल.

माहुलीकर

साताऱ्याहून लिहितोय. आमच्याकडे २०२० ला हद्दवाढ झाली तेव्हा शाहूपुरी, विलासपूरसारखे ग्रामपंचायतीतले भाग शहरात आले आणि जुन्या ओपन स्पेसचे कागद कोणत्या कपाटात आहेत हे शोधण्यातच लोकांचा दम निघाला. तुमच्याकडे खरेदीखत निघालं, हे फार मोठं आहे.

देवळाबद्दल सांगतो. सार्वजनिक रस्ते, बागा, मोकळ्या जागांवर विनापरवाना धार्मिक बांधकाम होऊ द्यायचं नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. चौथरा बांधलात की त्या घटकेला तुम्ही अतिक्रमण करणारे आणि बिल्डर तक्रारदार, डाव पूर्ण उलटला. पोरांना धर्मावरून समजवायला जाऊ नका, हे सांगा. आणि त्यांना काम द्या. आमच्या आळीत अशीच गरम डोक्याची चार पोरं होती, त्यांच्याकडे जागेवर लक्ष ठेवायचं काम दिलं: जेसीबी दिसला की फोटो, वेळ, गाडीचा नंबर, ११२ ला फोन. सगळ्यात नेटाने तेच टिकले. झाडांची मोजदादही करून ठेवा. शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, लिंब आणि गुलमोहर कापायला आलेच तर तिथेच अडवता येतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. कॅव्हेटसाठी उद्या वकिलांकडे जातोय, नकलेचा अर्ज समोरच्या वहिनी टाकणार आहेत. त्यांचा भाऊ महसूलमध्ये होता, त्यांना कचेरीच्या वाटा माहीत आहेत.

'उगाच एक शंका' यांची शंका अजिबात उगाच नाही. दोन घरांचे पत्रे आत आलेले आहेत, त्यातलं एक घर बैठकीत सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्या आप्पांचं. त्यांना आजवर कोणी काही म्हटलं नव्हतं. काल सगळे मिळून त्यांच्याकडे चहाला गेलो आणि विषय काढला. आप्पा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "दावा लागायच्या आत पत्रा काढतो, पण त्या दुसऱ्याचाबी निघाला पाहिजे." दुसरे अजून आढेवेढे घेताहेत.

माहुलीकर, २००९ चा आदेश देऊळवाल्यांच्या ग्रुपवर टाकलाय. दोघांनी नुसता अंगठा दिला, एकाने ग्रुप सोडला. जागेवर लक्ष ठेवायचं काम मात्र त्यांनीच मागून घेतलं.

आता एक विचारायचं राहिलं. ऑर्डर १ रूल ८ खाली दाव्यात नाव कोणाकोणाचं द्यावं? ज्यांच्या खरेदीखतात ओपन स्पेसची चतुःसीमा आहे अशी फक्त कडेची सहा घरं घ्यावीत, की आतल्या गल्लीतलेही हवेत? आतले म्हणताहेत, आमचं पाणी तिथे जातं, आम्हीही वादी. कोर्टकज्जा, तुम्ही सांगाल का?