नाशकात शिकायला येणाऱ्यांनी खोली जुन्या गावात घ्यावी की कॉलेज रोडला?

गोदाकाठ:
कळवण, सटाणा, सुरगाण्याहून मुलं येतात आणि थेट कॉलेज रोड नाहीतर गंगापूर रोडच्या पीजीत शिरतात, कारण एचपीटी, बीवायके, केटीएचएम ही कॉलेजं त्याच पट्ट्यात. माझं मत उलट आहे. खोली रविवार कारंजा, मेनरोडच्या गल्ल्या किंवा पंचवटीत घ्यावी. भाडं कमी, खानावळी जवळ, शालिमार-सीबीएस-निमाणीवरून सिटीलिंक (शहर बस) सगळीकडे मिळते. 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय पायी अंतरावर आहे, अशोक स्तंभावरून केटीएचएमही. शहर म्हणून नाशिक कळतं ते इथेच.

कॅनडा कॉर्नर:
साफ असहमत. जुन्या वाड्याची भिंत माती-विटांची, वर लाकडी तुळया. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे पाणी मुरतं आणि लाकूड आतून कुजतं. वरून रंग दिलेला असतो, त्यामुळे दिसत नाही. किल्लीचं टोक दाबून बघा. सहज आत गेलं तर ती खोली नको. धोकादायक वाड्यांना महापालिका पावसाळ्याआधी नोटिसा देते, तशी आलीय का ते शेजाऱ्यांना विचारा, मालकाला नव्हे. काझीची गढी या नदीकाठच्या मातीच्या टेकाडाच्या कडेला तर स्वस्तातही राहू नये, तिथली माती पावसात सुटते.

गोदाकाठ:
वाड्यांचं मान्य. पण सगळं जुनं गाव म्हणजे मोडका वाडा नव्हे.

सराफ बाजार:
पुराचं कोणीच बोललं नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावर गाव पुराचा अंदाज घेतं. पण फसतात ती घाटापासून लांब राहणारी मुलं. सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी नुसतं नदीतून येत नाही. नदी चढली की सरस्वती नाल्याचं पाणी मागे तुंबतं, वरून जोराचा पाऊस असेल तर तासाभरात दुकानांत शिरतं. या भागात तळमजला घेऊच नये. पुस्तकं, कागदपत्रं, गादी, सगळं खालीच असतं.

कॅनडा कॉर्नर:
आणि कुंभ? 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण, पुढे 2 ऑगस्ट आणि 31 ऑगस्ट 2027 ला अमृतस्नान, म्हणजे कुंभातलं मुख्य स्नान. ऑगस्टमध्ये कॉलेज चालू असतं आणि पर्वाच्या दिवशी रामकुंडाकडचे रस्ते गाड्यांना बंद होणार. त्याहून मोठी अडचण कराराची. जुलै 2026 ला 11 महिन्यांचा करार केला तर तो मे 2027 अखेरीस संपतो. यात्रेकरूंकडून दिवसाचं भाडं मिळणार असेल तर पंचवटीतला मालक विद्यार्थ्याला पुन्हा का ठेवेल?

वकील, सातपूर:
मग करार आत्ताच 24 महिन्यांचा करून घ्या आणि लॉक-इन (करार मोडता येत नाही तो काळ) दोन्ही बाजूंना लागू ठेवा, म्हणजे मालकालाही मध्येच काढता येणार नाही. अर्थात तेवढे महिने तुम्हालाही सोडता येणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे लेखी करार आणि त्याची नोंदणी ही मालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. शहरात नोंदणी फी 1,000 रुपये, मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. अकरावी-बारावीचा मुलगा अठराच्या आतला असेल तर सही पालकाची. सहीआधी घरपट्टीची पावती मागा. जुन्या वाड्यांत पुष्कळदा पागडीचा (मालकाला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर राहणारा) भाडेकरूच पोटभाडेकरू ठेवतो. पावतीवर त्याचं नाव नसतं आणि त्याच्याशी केलेला करार टिकत नाही.

समाजकल्याण:
शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार, तर आदिवासी मुलांना स्वयम् योजना आहे. खोली भाड्याची असल्याचा पुरावा तिथे लागतो. स्वस्त खोली मिळाली पण मालक काहीच लिहून देत नाही, म्हणजे निवास भत्त्यावरच पाणी. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात येते आणि उशिरा येते, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट हाताशी ठेवूनच खोली ठरवा.

गोदाकाठ:
तळमजला आणि पागडीचे वाडे वगळा, हे मी धरतो. तरी पंचवटी सोडणार नाही. केके वाघ इंजिनिअरिंग कॉलेज अमृतधामला, आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला. त्या मुलांनी कॉलेज रोडहून रोज नदी ओलांडून का यायचं? त्यांनी हिरावाडी, दिंडोरी रोडच्या इमारतींत वरच्या मजल्यावर बघावं.

कॅनडा कॉर्नर:
हिरावाडी म्हणजे जुनं गाव नव्हे. तिथे राहायला माझी हरकत नाही, पण धागा मेनरोडच्या गल्ल्यांवर सुरू झाला होता आणि तिथली खोली मी आजही कोणाला सुचवणार नाही.