पीतबिंदूची झीज आणि पेढीवरचे हिशेब: काम चालू ठेवता येईल का?

पेठेतला दिवाणजी (सांगली):
मी ६४ वर्षांचा असून हळदीच्या एका अडत पेढीवर दिवाणजी आहे. वयोमानामुळे दोन्ही डोळ्यांतील पीतबिंदूची (डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाची) कोरडी झीज सुरू झाल्याचे निदान झाले आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पूर्वीच झालेली आहे आणि आता चष्म्याचा नंबर बदलूनही फारसा फरक पडणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. बाजार समितीच्या आवारात मी एकटा फिरतो, बाजूने येणारी हातगाडी मला दिसते. मात्र ज्या आकड्याकडे सरळ पाहावे नेमका तोच पुसट होतो आणि ३ की ८ हे कळेनासे होते. शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या, खतावणी आणि दरमहाची जीएसटीची विवरणपत्रे माझ्याकडे आहेत. घरचे विश्रांती घ्या म्हणतात. मला काम सोडायचे नाही आणि ते परवडणारेही नाही. या अवस्थेत हिशेबाचे काम कोणी करत असल्यास कसे करता, आणि मालकांना हे सांगावे का?

भाषांतरकार, पुणे:
दिवाणजी, मला हाच विकार आहे, वय ७१ आहे आणि मी अजूनही भाषांतराची कामे घेते. आपल्या विकारात मधली नजर जाते, कडेची राहते, त्यामुळे पहिली गोष्ट शिकावी लागते ती आकड्याकडे थेट न पाहण्याची. भिंतीवरच्या घड्याळाच्या मध्यावर नजर ठेवण्याऐवजी ती पाळीपाळीने १२, ३, ६ आणि ९ या अंकांकडे न्यावी आणि कोणत्या दिशेला पाहताना मधला भाग सर्वांत स्पष्ट होतो ते हेरावे. पुढे वाचतानाही नजर त्याच बाजूला थोडी सरकवून ठेवायची. सवय व्हायला वेळ लागतो आणि सुरुवातीला मान दुखते.

मान वळवू शकणारा टेबलदिवा घ्या आणि तो कागदाजवळ आणा, कारण अंतर निम्मे केले की कागदावरचा प्रकाश जवळजवळ चौपट होतो. काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खाच पाडून तो खतावणीवर ठेवला की बाजूच्या पांढऱ्या कागदाची चमक नाहीशी होते आणि ओळही चुकत नाही. माझ्या मते एवढ्या कमी खर्चात एवढा उपयोग दुसऱ्या कशाचा नाही. भिंग मात्र स्वतःच्या मनाने विकत घेऊ नये. २० डायॉप्टर (भिंगाच्या शक्तीचे एकक) शक्तीचे भिंग कागदापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर धरावे लागते आणि शक्ती जितकी अधिक तितके एका वेळी कमी आकडे दिसतात, म्हणून ते ‘लो व्हिजन’ (मंददृष्टी) तपासणी करूनच निवडावे.

संगणकावर विंडोज आणि अधिकचे चिन्ह या कळा एकत्र दाबल्या की पडदा मोठा होतो. तरीही आकड्यांची पडताळणी मी कानावरच सोपवली असती. पेढ्यांवर एकाने आकडे वाचायचे आणि दुसऱ्याने खूण करायची ही पद्धत जुनीच आहे. वाचणाऱ्याच्या जागी संगणक बसवायचा, इतकेच. एनव्हीडीए ही पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी, प्रणाली विनामूल्य मिळते आणि बाणाच्या कळीने पुढे सरकत गेल्यास रकमेतील एकेक अंक सुटा उच्चारते. टॅली या हिशेबाच्या प्रणालीच्या प्रत्येक पडद्यावर ती सारखीच चालेल अशी खात्री मी देणार नाही, त्यामुळे खाते एक्सेलमध्ये काढून तिथे ऐकावे.

दृष्टितपासनीस:
वरील सूचना योग्य आहेत, परंतु त्याआधी एक गोष्ट सांगणे मला अधिक निकडीचे वाटते. कोरड्या झिजेचे रूपांतर काही रुग्णांत ओल्या प्रकारात होते, म्हणजे डोळ्याच्या पडद्याखाली नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढून त्यांतून द्रव किंवा रक्त पाझरते. त्यावर डोळ्यात देण्याची इंजेक्शने आहेत. उशीर झाला तर गेलेली नजर सहसा परत येत नाही. म्हणून अ‍ॅम्सलर जाळीचा चौकोनी तक्ता रोज, वाचण्याचा चष्मा लावून आणि एकेक डोळा झाकून पाहावा. रेषा अचानक वाकड्या दिसू लागल्या किंवा मध्ये नवा डाग आला, तर जीएसटी विवरणपत्राची २० तारीख उलटेपर्यंत थांबू नये, तातडीने डोळे दाखवावेत.

व्हिटॅमिन सी व ई, ल्युटीन, झियाझँथीन, जस्त आणि तांबे असलेल्या गोळ्या मध्यम अवस्थेतील झीज पुढे जाण्याचा धोका कमी करतात, गेलेली दृष्टी परत आणत नाहीत. बीटा कॅरोटीन असलेले जुने मिश्रण विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी, पूर्वी ओढत असलेल्यांनीही, टाळावे. आणि कधी भिंतीवर नक्षी किंवा नसलेली माणसे दिसलीच, तर वेड लागले असे समजून ते लपवू नका. दृष्टी कमी झालेल्यांना असे दिसू शकते, त्याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. डॉक्टरांना मात्र सांगा.

सेवेतील कर्मचारी:
मालकांना सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आले तरी शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढता किंवा पदावनत करता येत नाही. खासगी पेढीला हे कलम लागू नाही. तिथे तुमचा आधार म्हणजे इतक्या वर्षांचा विश्वास, आणि तो दुसऱ्या कोणी शंका काढण्याआधीच बोलल्याने टिकतो. चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासह ६/१८ च्या (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारे अक्षर ६ मीटरवरून दिसणे) खाली गेली असल्यास दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तपासणी करून घ्यावी. बहुतेक सवलती ४० टक्के दिव्यांगत्वापासून पुढे मिळतात.

पेठेतला दिवाणजी (सांगली):
सर्वांचा आभारी आहे. मालकांशी या आठवड्यात बोलेन आणि अंतिम रकमा दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवाव्यात, असे मीच सुचवेन. एक अडचण उरते: तोलाईच्या चिठ्ठ्या हाताने, फिक्या निळ्या शाईत लिहिलेल्या असतात. त्यांचे काय करावे?

भाषांतरकार, पुणे:
हस्ताक्षराच्या बाबतीत पडदावाचकावर विसंबू नका. तोलारांना जाड काळे पेन द्या, आणि जुन्या चिठ्ठ्यांचे मोबाइलने छायाचित्र घेऊन ते मोठे करून पाहा. तरीही वजनाबद्दल शंका उरली, तर चिठ्ठी लिहिणाऱ्यालाच विचारा.